नाव आणि नमुना

आश्विनातली अमावस्या आम्हा खानदेशी माणसांना लक्ष्मीपूजनाची म्हणून ठाऊक. त्या संध्याकाळी जळगावच्या पेढ्यांवर वह्यांची पूजा होते, धुळ्याच्या आग्रा रोडवर दिव्यांच्या माळा लागतात, आणि समुद्राचा विचार कोणाच्या मनातही येत नाही. येण्याचे कारणही नाही. आमची तापी समुद्राला मिळते खरी, पण ती पार सुरतेकडे, आमच्या दृष्टीआड. कोकणातला मच्छीमार मात्र त्याच अमावस्येकडे निराळ्या नजरेने पाहतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा त्याचा पिढीजात हिशेब. अमावस्या ही पंधरावी तिथी. तिची पाऊणपट सव्वाअकरा. सव्वाअकराला पूर्ण भरती, म्हणजे त्याच्या सहा तास आधी, पहाटे पाचाच्या सुमारास, पूर्ण ओहोटी. ही उधाणाची ओहोटी. एरवी सदैव पाण्याखाली असणारे खडक तिच्या वेळी तासा-दोन तासांपुरते उघडे पडतात.

त्या तासा-दोन तासांत वाकून दगड उलटवणाऱ्या माणसांचा थोडासा इतिहास मला सांगायचा आहे. त्यात लढाया नाहीत, सनदा नाहीत, आणि त्याचा नायक बोटाच्या नखाहून फार मोठा नाही. तो आहे समुद्रातला चपटकृमी. एवढ्याशा जीवाला शास्त्रात नवे नाव मिळते ते कसे, आणि त्या नावाला किंमत येते ती कशामुळे, हा माझा विषय. खानदेशातल्या माणसाने या भानगडीत का पडावे, असे वाचक विचारतील. त्याचे उत्तर ओघात येईलच.

मी खानदेशातल्या एका महाविद्यालयात छत्तीस वर्षे प्राणिशास्त्र शिकवले. चपटकृमींचा वर्ग दरवर्षी जुलै-ऑगस्टात यायचा. यकृतकृमी आणि पट्टकृमी यांची वाण नव्हती. खाटकाच्या दुकानातून यकृत आणले की एखादा यकृतकृमी मिळायचाच. परंतु या दोघांचे जे स्वतंत्र वृत्तीचे भाऊबंद, जे कोणाच्या पोटात न राहता मोकळे हिंडतात, ते आमच्या वाट्याला यायचे काचपट्टीवर. टपालाने मागवलेल्या, लाल रंगात रंगवलेल्या काचपट्ट्या. मुले सूक्ष्मदर्शकात डोळा घालायची, आकृती काढायची आणि पुढच्या टेबलाकडे सरकायची. पुस्तकात लिहिलेले असे की या कृमींपैकी सर्वांत देखणे समुद्रात राहतात, खडकाखाली, भरती-ओहोटीच्या पट्ट्यात. ते वाक्य मी वर्षानुवर्षे वाचून दाखवले. मी स्वतः तसला एकही पाहिला नव्हता.

तो पाहण्याचा योग १९७९ साली आला. जानेवारीअखेरीस, पौष अमावस्येच्या सुमारास, आम्ही बी. एस्सी.च्या मुलांची सहल रत्नागिरीला नेली. कोकण रेल्वे तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हती. एस. टी.च्या गाडीने नाशिक, पुणे, कोल्हापूर करीत आंबा घाट उतरलो तेव्हा मुलांचे अंग आंबून गेले होते. पैकी निम्म्या मुलांनी समुद्र जन्मात पाहिला नव्हता. दुसऱ्या दिवशी पहाटे टॉर्च घेऊन खडपावर गेलो. खडक पाहून शिरपूरकडचा एक मुलगा म्हणाला, "सर, हा तर आपलाच काळा दगड!" त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जो लाव्हा पसरला त्यानेच धुळ्याच्या लळिंगचा डोंगर घडवला आणि त्यानेच कोकणचा किनारा. आमच्याकडे या दगडाखाली विंचू निघतो. तिथे काय निघते ते पाहायला आम्ही आलो होतो.

त्याच मुलाने एक दगड उलटवला आणि हाक मारली, "हाई काय शे, सर?"

दगडाच्या ओल्या पोटावर काहीतरी सरकत होते. सरकत म्हणण्यापेक्षा वाहत होते. पाय नाहीत, वळवळ नाही. केळीच्या कोवळ्या पानाचा कपटा पाण्यावरून जावा तसे ते दगडावरून जात होते. लांबीला माझ्या करंगळीच्या नखाएवढे. अंगावर ठिपके. कडा किंचित झालरीसारख्या. मी रंगाने, आकाराने, चालीने त्याला ओळखले. पंधरा वर्षे ज्याचे वाक्य वाचून दाखवले तोच हा. मी त्याला रंगकामाच्या ब्रशाने अलगद उचलले आणि बरोबर आणलेल्या नळीत घातले. नळीत स्पिरिट होते. बेडूक, खेकडे, गोगलगायी सगळ्यांना तेच चालते, मग याला का चालू नये, असा माझा सरळ हिशेब होता.

संध्याकाळी उतरलो होतो त्या जागी दिव्याखाली नळी धरली. आत ढगाळलेले पाणी आणि तळाशी शेंबडासारखा एक गोळा. मुलगा माझ्या खांद्यावरून पाहत होता. तो हळूच म्हणाला, "सर, त्यानं ते पानी व्हई गयं."

खरोखरच त्याचे पाणी झाले होते. दुसऱ्या पहाटे आम्ही त्याच खडपावर पुन्हा गेलो, शेकडो दगड उलटवले, पुन्हा जागच्या जागी ठेवले. तसला जीव पुन्हा दिसला नाही. त्या रात्री रोजनिशीत मी पाच ओळी लिहिल्या आणि नळीवर तारीख व ठिकाण लिहिलेली चिठ्ठी तशीच राहू दिली.

घरी परतल्यावर मी या प्राण्यांविषयी मिळेल ते वाचू लागलो. आमच्या ग्रंथालयात लिबी हायमन या विदुषीच्या अपृष्ठवंशी प्राण्यांवरील ग्रंथमालेचा १९५१ साली निघालेला दुसरा खंड होता, तो चपटकृमींचाच. या बाई न्यूयॉर्कच्या संग्रहालयात वेतन न घेता बसत आणि पुस्तकांच्या मानधनावर गुजराण करीत. त्यांचा खंड वाचताना मला प्रथम कळले की माझा अपराध काही अपूर्व नव्हता. समुद्री चपटकृमींच्या अभ्यासाच्या इतिहासातच पाण्याचा मोठा भाग आहे.

या प्राण्याची रचनाच तशी. आतल्या अन्ननलिकेला पुष्कळ फाटे फुटतात, म्हणून या गणाला पॉलिक्लॅड, म्हणजे बहुशाखी, म्हणतात. गुदद्वार नाही, तोंडाने घ्यायचे आणि उरलेले तोंडानेच टाकायचे. सांगाडा नाही, कवच नाही. कातडीवर बारीक केसांची लव, तिच्या हालचालीवर सगळी चाल. डोक्याच्या बाजूला डोळ्यांचे ठिपक्यांसारखे पुंजके. प्रत्येक प्राणी नरही आणि मादीही. त्याला छेडले की तो चिकट स्राव सोडतो, आकसतो, फाटतो आणि बघता बघता विरघळून जातो. ज्याला हाड नाही त्याचा पुरावा मागे राहत नाही.

असल्या प्राण्याची नोंद ठेवायची कशी? आपल्या शेजारच्या सिंहलद्वीपात, त्या काळच्या सिलोनात, एका माणसाने त्याचे एक उत्तर शोधले होते. एडवर्ड फ्रेडरिक केलार्ट हा तिथेच १८१९ साली जन्मलेला, लष्करी सेवेतला डॉक्टर. सिलोनच्या प्राण्यांवर त्याने १८५२ साली पुस्तक लिहिले. पुढे मोत्यांच्या शिंपल्यांची पाहणी करण्याचे काम सरकारने त्याच्याकडे दिले. त्रिंकोमालीच्या किनाऱ्यावर त्याने हे रंगीबेरंगी कृमी जमवले आणि ते जिवंत असतानाच त्यांची रंगीत चित्रे काढून घेतली. जीव विरघळण्याआधी त्याचे रूप कागदावर उतरवायचे, हा त्याचा उपाय. पण ते छापून येण्याआधीच, १८६० साली इंग्लंडला जाताना, जहाजावरच त्याला मृत्यू आला.

ती चित्रे पुढे कथबर्ट कॉलिंगवुड या निसर्गशास्त्रज्ञाच्या हाती आली. हाही डॉक्टरच, चीनच्या समुद्रात जहाजांवरून हिंडून आलेला. त्याने १८७६ साली लंडनच्या लिनियन सोसायटीतर्फे एक निबंध प्रसिद्ध केला. एकतीस जातींचे समुद्री कृमी, काही स्वतः जमवलेले आणि काही केलार्टचे. केलार्टचे श्रेय त्याने निबंधाच्या मथळ्यातच दिले, ही गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. मेलेल्या माणसाची चित्रे मुकाट्याने आपल्या नावावर घालणारे लोक त्या काळीही काही कमी नसतील.

तथापि चित्र ते चित्रच. त्यावरून रंग कळतो. अंतरंग कळत नाही. आणि रंग हा या कृमींचा भरवशाचा साक्षीदार नव्हे. तो वयाने बदलतो, खाल्लेल्या अन्नाने बदलतो, आकसल्यावर निराळा दिसतो. त्यामुळे केलार्टने डोळ्यांनी पाहिलेल्या आणि मनापासून रंगवलेल्या काही कृमींना नाव मिळाले, पण ते नेमके कोण याचा निकाल पुढे कोणाला खात्रीने लावता येईना. आडातली वस्तू पोहऱ्यात आली, पण पोहरा वर येईतो रिकामा झाला.

या अभ्यासाला पाया मिळाला तो नेपल्समध्ये. तिथे अँटोन डोर्न याने १८७२ साली समुद्रकिनारी संशोधनकेंद्र उभारायला घेतले होते. आर्नोल्ड लँग नावाचा तरुण स्विस प्राणिशास्त्रज्ञ तिथे येऊन बसला आणि १८८४ साली त्याने नेपल्सच्या आखातातील पॉलिक्लॅडांवर प्रचंड ग्रंथ प्रसिद्ध केला. पॉलिक्लॅड हे नावही त्याचेच. त्याने चित्रे तर काढलीच; परंतु त्याहून महत्त्वाचे म्हणजे प्राण्याला मेणात बसवून त्याचे कागदाहून पातळ काप काढले, ते रंगवले आणि एकामागून एक लावून आतल्या जननेंद्रियांची रचना उभी केली. या प्राण्यांत वंश कोणता, जाती कोणती, हे ठरते त्या आतल्या रचनेवरून: नराचे छिद्र कुठे, मादीचे कुठे, घसा नळीसारखा की झालरीसारखा, पोटावर चोषक आहे की नाही. ज्यांना चोषक आहे त्यांचा एक गट आणि ज्यांना नाही त्यांचा दुसरा, ही लँगने घातलेली विभागणी आजही अभ्यासकांच्या कामी येते.

त्याच ग्रंथात लँगने स्टायलोस्टोमम हा वंश स्थापला. यात तोंड आणि नराचे छिद्र ही दोन्ही एकाच ठिकाणी उघडतात. या वंशातल्या एका अतिशय बदलत्या रूपाच्या जातीला त्याने 'व्हेरिएबिले', म्हणजे बदलणारी, असे नाव दिले. पुढच्या अभ्यासकांनी ताडून पाहिले तेव्हा ती जाती स्कॉटलंडच्या जॉन ग्रॅहम डॅलियेल याने १८५३ साली वर्णिलेलीच आहे असा निर्णय दिला, आणि लँगचे नाव मागे पडले. खुद्द पायाचा दगड बसवणाऱ्यालाही ही चूक टळली नाही. पण ती उघडकीस येऊ शकली, कारण त्याने आपले काम दुसऱ्याला तपासता येईल असे करून ठेवले होते. केलार्टचे चित्र बरोबर असो की चूक, त्याला तपासण्याची वाट बंद आहे. शास्त्रात लँगची चूक मला त्यापेक्षा मोलाची वाटते.

आपल्याकडच्या समुद्राचे काय झाले? स्टॅन्ले गार्डिनर याच्या मोहिमेने १८९९-१९०० मध्ये मालदीव आणि लक्षद्वीप बेटांवरचे प्राणी गोळा केले. त्यातले पॉलिक्लॅड फ्रँक लेडलॉ याने १९०२ साली वर्णिले. हर्डमनने सिलोनहून जमवलेल्या कृमींवरही १९०४ साली त्यानेच लिहिले. तो अहवाल मोत्यांच्या शिंपल्यांच्याच पाहणीतला. ज्या कामासाठी केलार्टला नेमले होते तेच काम पन्नास वर्षांनी दुसऱ्या हातांनी चालू होते. पुढे १९१६ साली कलकत्त्यास भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्था निघाली. तिचा पहिला संचालक अ‍ॅनंडेल याने पूर्वेकडच्या प्रवासात जमवलेल्या मचूळ पाण्यातल्या पॉलिक्लॅडांवर काबुराकी या जपानी शास्त्रज्ञाने १९१८ साली लिहिले. म्हणजे जमवणारा एका देशातला, लिहिणारा दुसऱ्या देशातला. नमुना प्रवास करू शकतो, आठवण करू शकत नाही, हेच या साऱ्या व्यवहाराच्या मुळाशी आहे.

स्टीफन प्रुडो याने १९८५ साली जगातल्या पॉलिक्लॅडांवर एक मोठा ग्रंथ लिहून तोवरची नावे एकत्र आणली. आणि माझ्या नळीतल्या पाण्याचे उत्तर ऑस्ट्रेलियातून आले. लेस्ली न्यूमन आणि लेस्टर कॅनन या दोघांनी पाण्यातल्या या फुलपाखरांना टिकवण्याची एक युक्ती रूढ केली. फॉर्मॅलिनचे पाणी आधी गोठवून त्याचे बर्फ करायचे. जिवंत कृमी गाळणकागदावर घ्यायचा. तो आपण होऊन पसरला, त्याच्या कडा मोकळ्या झाल्या, की कागदासकट त्या बर्फावर ठेवायचा. आकसायला, फाटायला, विरघळायला त्याला अवधीच मिळत नाही. मी हे वाचले तेव्हा सहलीला वीस वर्षे होऊन गेली होती. बर्फाचा एक डबा आणि कागदाचा एक तुकडा! आमच्या प्रयोगशाळेत गाळणकागदाचे गठ्ठे पडलेले असत, आणि बर्फाच्या कांड्या विकणारा सहलीच्या गाडीपाशीच उभा होता.

आता नव्या जातीचे नाव देणे म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. प्राण्यांच्या नामकरणाची गणती १ जानेवारी १७५८ पासून, लिनियसच्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीपासून, धरतात. ज्याला नवी जाती आढळली असे वाटते त्याने आधी हे दाखवायचे की तेव्हापासून आजवर कोणी तिला नाव दिलेले नाही. त्यासाठी जर्मन, फ्रेंच, इंग्रजी, जपानी अभ्यासकांची जुनी पाने उलटायची. मग जिवंतपणीचे रंगरूप लिहायचे, डोळ्यांचे पुंजके मोजायचे, काप काढून आतली रचना दाखवायची, जवळच्या जातींशी ताडून भेद सांगायचा. आणि शेवटी एक नमुना निवडायचा, त्याला होलोटाइप म्हणतात. ते नाव त्या एका देहाला बांधलेले राहते. इ. स. २००० पासून अमलात असलेल्या नियमांप्रमाणे तो नमुना निश्चित करणे आणि तो कोणत्या संग्रहात ठेवला आहे हे सांगणे बंधनकारक आहे. शंभर वर्षांनी कोणाला शंका आली तर त्याने तिथे जावे, बाटली उघडावी आणि वर्णन करणाऱ्याला खोटे पाडावे, अशी ही उघड आमंत्रणपत्रिकाच असते.

आपल्या किनाऱ्यावर हे काम झाले ते अगदी अलीकडे. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने, १८८३ साली स्थापन झालेल्या त्या जुन्या संस्थेने, पक्षी आणि श्वापदे यांच्यासाठी नाव मिळवलेले. तिथल्या दीपक आपटे आणि रेश्मा पितळे यांनी २०११ साली लक्षद्वीपच्या प्रवाळांवरील पॉलिक्लॅडांच्या नव्या नोंदी संस्थेच्या नियतकालिकात दिल्या. पुढे २०१९ साली 'झूटॅक्सा' या नियतकालिकात त्यांचा निबंध आला. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीच्या पट्ट्यात राहणाऱ्या एका कुळाच्या कृमींवरचा तो निबंध, आणि त्यात एका नव्या जातीचे वर्णन: स्टायलोस्टोमम मिक्स्टोमॅक्युलेटम. लँगने नेपल्सला स्थापलेल्या वंशात महाराष्ट्राच्या खडपावरचा एक रहिवासी दाखल झाला. नावाचा अर्थ मिश्र ठिपक्यांचा. एवढे निबिड वस्तीचे आपले हे किनारे; त्यांच्यावर रोज हजारो पावले पडतात, आणि पावलांखालच्या दगडापलीकडे बिननावाचा एक जीव २०१९ पर्यंत राहत होता!

ही बातमी मला आणून दिली ती त्या शिरपूरच्या मुलाने. मुलगा कसला, तोही आता निवृत्तीला आलेला प्राध्यापक. निबंधाची छापील प्रत घेऊन तो जळगावला माझ्या घरी आला. चहा होईपर्यंतही त्याला धीर नव्हता.

"सर, ठिपक्यांचा आहे. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरचा आहे. आपण चाळीस वर्षांपूर्वी पाहिला तोच हा. तुम्ही लिखी टाका. खानदेशातल्या कॉलेजने आधी पाहिला होता, एवढे तरी जगाला कळू द्या."

खोटे कशाला सांगू, माझेही मन क्षणभर हलले. समुद्रापासून इतक्या दूरच्या मुलुखात आयुष्यभर टपालाने आलेल्या काचपट्ट्या दाखवल्या. एकदा तरी आपले नाव त्या यादीच्या तळटीपेत यावे, असे कोणाला वाटणार नाही? मी त्याला म्हटले, "बस. आधी मला सांग, तू पाहिलास तो कसा होता?"

"नारिंगी, सर. नारिंगी ठिपके होते, ठळक. अजून डोळ्यांपुढे आहेत."

मी कपाटातून रोजनिशी काढली. १९७९ च्या पानावर माझ्याच अक्षरात होते: 'अंग फिकट, ठिपके तपकिरी, कडेस पांढरट रेघ.' आणि गंमत अशी की रोजनिशी उघडण्याआधी मला स्वतःला आठवत होते ते जांभळट ठिपके. एकाच दगडाशी वाकलेली दोन माणसे, एकच पहाट, आणि साक्षी तीन! टॉर्चच्या पिवळ्या उजेडात कोणता रंग कसा दिसला असेल, देव जाणे. त्यात तोंड कुठे, छिद्र कुठे, डोळे किती, यांतले काहीच आम्ही पाहिलेले नव्हते. तो याच वंशातला होता हे तरी कशावरून? नखाएवढे, ठिपक्यांचे, पानासारखे पॉलिक्लॅड कितीतरी आहेत.

तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "म्हणजे आपण काहीच पाहिले नाही, असे समजायचे?"

"पाहिले. पण ते आपल्यापुरते," मी म्हणालो. हे बोलताना मलाही वाईट वाटले.

या प्रसंगाला आणखी एक बाजू आहे, आणि ती आमच्या घरची आहे. खानदेशाला समुद्र नाही, पण चपटकृमी आहेत. मराठवाडा आणि खानदेशातल्या महाविद्यालयांतल्या अनेक शिक्षकांनी पहाटे मासळीबाजारात जाऊन माशांची आतडी उघडली आणि त्यांतल्या पट्टकृमींवर लिहिले. पॅरिसजवळ व्हॅन्सेन येथील मत्स्यालयातल्या माशात सापडलेल्या कृमीवरून दोल्फस याने १९३४ साली सेंगा हा वंश स्थापला होता. या वंशातले कृमी आपल्याकडे वाम माशात सापडतात, आणि त्यांतल्या जातींना औरंगाबाद, पैठण, गोदावरी अशी आपल्या ओळखीची नावे मिळाली आहेत. पाटील आणि जाधव यांनी २००३ साली एका जातीला दिलेले 'टप्पी' हे नाव वाचले की खानदेशी माणसाला आपली तापीच आठवते. शास्त्राच्या जागतिक यादीत आमच्या मातीची नावे पाहून मला अभिमान वाटला, अजूनही वाटतो.

परंतु अभिमानाबरोबर एक कर्जही येते. भारतातून वर्णिलेल्या पट्टकृमींची पुढे परदेशी अभ्यासकांनी एकत्रित फेरतपासणी केली, तेव्हा पुष्कळ नावांपुढे त्यांनी शंकेचे चिन्ह मांडले. वर्णने अपुरी आहेत, आणि मूळ नमुने पाहायला मिळत नाहीत, ही त्यांची मुख्य तक्रार. आमच्यापैकी काहींना तो अपमान वाटला. मला त्यात माझी नळी दिसली. फिरता काळ, बदलणारे विभागप्रमुख, गळकी छपरे, वर्षानुवर्षे न बदललेले फॉर्मॅलिन. महाविद्यालयाच्या कपाटात ठेवलेला नमुना किती दिवस टिकतो, हे मी छत्तीस वर्षे पाहिले आहे. ज्याने पहाटे उठून मासा उघडला त्याच्या श्रमात खोट नव्हती. पण श्रम हा पुरावा नव्हे. कोणती नावे राहतील आणि कोणती जातील, याचा निवाडा बाटलीत काय शिल्लक आहे यावर होईल. तो आमच्या प्रेमावर होणार नाही.

आणि हा निवाडा केवळ पंडितांच्या हौसेचा नाही. कालवांच्या शेतीत शिरून कालवे फस्त करणारे पॉलिक्लॅडही आहेत. ते कोणते, हे ठरल्यावाचून त्यांचा बंदोबस्त काय करणार? किनाऱ्यावर धक्का बांधायचा, भर घालायची, तेव्हा तिथे कोण कोण राहते याची यादी मागतात. ज्याला नाव नाही तो यादीत नाही, आणि जो यादीत नाही त्याचे काही गेले असे कोणी म्हणत नाही. केलार्टचे कृमी निदान चित्रात तरी उरले. रत्नागिरीच्या त्या पहाटेचा जीव फक्त आम्हा दोघांच्या भांडणाऱ्या आठवणींत आहे.

त्यानंतरच्या वर्षी, साथीचे दिवस सरल्यावर, माझ्या विद्यार्थ्याने निवृत्तीपूर्वीची शेवटची सहल कोकणात नेली. जाण्याआधी त्याने फोन केला. बर्फाचा डबा घेतला आहे, फॉर्मॅलिन आदल्या रात्रीच गोठवले आहे, गाळणकागद घेतला आहे, असे एक एक करून त्याने मला मोजून दाखवले. "आणि सापडला तर?" मी विचारले. "सापडला तर आपल्या कपाटात ठेवणार नाही, सर. ज्यांना जपता येते त्यांच्याकडे पाठवीन. रंग लिहीन तो उजाडल्यावर, टॉर्चमध्ये नाही."

माझी नळी अजून माझ्याकडे आहे. स्पिरिट केव्हाच उडून गेले. आत चिठ्ठी तेवढी राहिली आहे. तारीख आहे, ठिकाण आहे. त्या दोन ओळींखाली मी अलीकडे तिसरी ओळ लिहिली: 'नमुना नाही.'